नकाशा तुमचाच होता

दिल्लीच्या इंदिरा पर्यावरण भवनात बसून जंगलांचा निर्णय घेणाऱ्यांनो,

नकाशा तुम्हीच काढला होता. आम्ही मागितला नव्हता. कुठल्या मोर्चाने तो तुमच्याकडून लिहून घेतला नव्हता. २००९-१० मध्ये तुमचं मंत्रालय आणि कोळसा मंत्रालय एकत्र बसलं, देशातली नऊ कोळसाक्षेत्रं तपासली आणि खाण कुठे चालेल, कुठे चालणार नाही, हे ठरवलं. निकषही तुमचेच. एकूण वनाच्छादन ३० टक्क्यांहून जास्त, किंवा घनतेचा भार धरून काढलेलं १० टक्क्यांहून जास्त, तर तिथे खाण नाही. या निकषावर आमच्या छत्तीसगडचं हसदेव अरण्य सगळंच्या सगळं ‘नो-गो’ ठरलं.

पुढे काय झालं ते मी तुम्हाला सांगायला हवं का? फाईल तुमच्याच कपाटात आहे.

जून २०११ मध्ये तुमच्याच वन सल्लागार समितीने या जंगलातल्या खाणींना नकार दिला होता. तरी तेव्हाचे मंत्री जयराम रमेश यांनी तारा, परसा पूर्व आणि केते बासन या गटांना पहिल्या टप्प्याची मंजुरी दिली. कारणही लिहून ठेवलं. हे गट काठावर आहेत, खऱ्या समृद्ध जंगलात नाहीत.

काठावर! मला तेव्हापासून एकच विचारायचंय. काठ तोडला की नवा काठ तयार होतो, हे तुमच्या कुणाच्याच लक्षात आलं नाही का? कालपर्यंत जे आतलं जंगल होतं, ते आज खाणीच्या कडेला येतं. मग पुढच्या गटाच्या अर्जावरही ‘काठावर’ असंच लिहिता येतं. असं करत करत जंगलाच्या मधोमध पोचायला किती सह्या लागतात?

हे पत्र भिलाईहून येतंय याचं तुम्हाला नवल वाटेल. भिलाईने खाणीविरुद्ध बोलायचं? आमच्या घरात बाबांचा पगार पोलाद कारखान्यातून येत होता. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी पहिली झोतभट्टी सुरू केली आणि तेव्हापासून हे गाव दल्ली-राजहराच्या लोहखनिजावर जगतंय. आमची शाळा, आमचा दवाखाना, सेक्टरातले रस्ते, विदर्भातून इथे आलेल्या आमच्यासारख्या शेकडो मराठी घरांची चूल, सगळं त्या लाल डोंगरातून आलं. म्हणूनच मला बोलायचा हक्क आहे असं मी मानते. डोंगर संपतो म्हणजे काय होतं, ते आम्ही पाहिलंय.

दल्ली-राजहरा फोडलं तेव्हा नकाशा नव्हता. पन्नासच्या दशकात कुणी जंगलाला गुण देत नव्हतं. नाले कुठून निघतात, हत्ती कुठून जातात, लाल गाळ कुणाच्या धानाच्या बांध्यात उतरेल, हे कुणी मोजलं नव्हतं. त्या पिढीला ‘आम्हाला ठाऊक नव्हतं’ असं म्हणता येईल. तुम्हाला म्हणता येईल?

त्याच दल्ली-राजहरात शंकर गुहा नियोगींच्या खाणकामगार संघटनेने ‘अपने जंगल को पहचानो’ अशी मोहीम चालवली होती. दिवसभर लोखंड खणणारी माणसं आपल्या भोवतालचं झाड न् झाड ओळखायला शिकत होती. २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे नियोगींना इथे भिलाईतच झोपेत गोळी घातली गेली. त्यांच्या संघटनेचा लाल-हिरवा झेंडा आजही दल्लीत दिसतो. जंगल ओळखा, मग काय घ्यायचं आणि काय ठेवायचं ते ठरवा, एवढी साधी गोष्ट मजुरांना कळली होती. तीच तुम्ही वीस वर्षांनी उपग्रहाची चित्रं घेऊन सांगितलीत, तेव्हा आम्हाला खरंच आनंद झाला होता. आता दिल्लीलाही कळलं, असं वाटलं होतं.

त्या आनंदाचं तुम्ही काय केलंत?

२०१२ मध्ये तुमच्याच मंत्रालयाचे सचिव टी. चटर्जी यांच्या समितीने नवी पद्धत आखून दिली. देशाचं जंगल एक किलोमीटर लांब, एक किलोमीटर रुंद अशा चौकटींत वाटायचं. प्रत्येक चौकटीला सहा गोष्टींवर गुण द्यायचे. वनाचा प्रकार, जैविक समृद्धी, वन्यजीव, वनाची घनता, भूदृश्याची अखंडता आणि पाणी. सत्तरच्या वर गुण गेले तर त्या जंगलाला हात लावायचा नाही.

मी तो आराखडा वाचला तेव्हा ‘भूदृश्याची अखंडता’ या एका ओळीसाठी तुमचे मनातून आभार मानले होते. कारण आजवर सरकारी कागदावर जंगल म्हणजे हेक्टर आणि झाडांची संख्या. इतके हेक्टर गेले, तितके दुसरीकडे लावले, हिशेब मिटला. अखंडता मोजायची म्हटलं की प्रश्न बदलतो. हा तुकडा कशाला जोडलेला आहे? इथून पाणी कुठे उतरतं? मधून रेल्वे गेली, रस्ता गेला, तर उरलेल्या दोन भागांचं काय होईल? हसदेवचं जंगल अचानकमार आणि भोरमदेवमार्गे कान्ह्याकडे जोडलेलं आहे. हसदेव नदी खाली बांगो धरणात येते आणि त्या पाण्यावर जांजगीर-चांपाची भातशेती उभी आहे. हेक्टरांच्या हिशेबात यातलं काही बसत नाही. तुमच्या नव्या पद्धतीत बसत होतं.

मग तीच पद्धत वापरून तुम्ही हसदेव वाचवलंत का?

२४ मार्च २०१४ रोजी राष्ट्रीय हरित लवादाने २०११ ची मंजुरी रद्द केली आणि तुम्हाला सांगितलं की आधी तज्ज्ञांना विचारा, इथे काय आहे ते नीट तपासा. परसा पूर्व-केते बासनची खाण मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या अंतरिम आदेशाने चालू राहिली. तपासणीला किती वर्षं लागली, ते तुम्हाला ठाऊक आहे. अहवाल २०२१ मध्ये आला. म्हणजे आधी खणलं, मग तपासलं. आणि तरी डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने, तुमच्याच संस्थेने, स्पष्ट लिहिलं की जी खाण चालू आहे तेवढीच राहू द्या, बाकीचं हसदेव ‘नो-गो’ घोषित करा. देशातल्या रानटी हत्तींपैकी एक टक्क्याहूनही कमी हत्ती छत्तीसगडमध्ये आहेत आणि हत्ती-माणूस संघर्षातल्या मृत्यूंत मात्र या राज्याचा वाटा पंधरा टक्क्यांहून जास्त आहे, हेही त्यांनीच दाखवून दिलं. उरलंसुरलं जंगल तुटलं तर हा संघर्ष हाताबाहेर जाईल, असा इशारा दिला.

त्याच वर्षी ऑक्टोबरात हसदेवची माणसं तीनशे किलोमीटर चालत रायपूरला आली. त्याच महिन्यात राज्याने लेमरू हत्ती राखीव क्षेत्र अधिसूचित केलं, १,९९५.४८ चौरस किलोमीटरचं. आणि त्याच महिन्यात तुम्ही हसदेवमधल्याच परसा या आणखी एका खाणीला अंतिम वनमंजुरी दिलीत. एका हाताने हत्तीला जागा आणि दुसऱ्या हाताने ती जागा जोडणारं जंगल खाणीला. हे दोन कागद एकमेकांशेजारी ठेवून कुणी बघितलेच नाहीत का? की बघितले आणि तरीही सही केली?

हत्ती तुमचा कागद वाचत नाहीत. तेव्हाच, ऑक्टोबर २०२१ मध्ये, एक कळप छत्तीसगड ओलांडून महाराष्ट्रात गडचिरोलीत शिरला. तिकडच्या आमच्या नातेवाइकांनी फोन करून विचारलं, तुमच्याकडचे हत्ती आमच्या धानात कसे आले? काय सांगणार होते मी त्यांना? की दिल्लीत एक नकाशा आहे, त्यात सगळं बरोबर लिहिलंय, फक्त तो कुणी पाळत नाही?

२६ जुलै २०२२ रोजी छत्तीसगड विधानसभेने एकमताने ठराव केला की हसदेवमधले सगळे कोळसा गट रद्द करा. सत्ताधारी आणि विरोधक, एकही हात विरोधात नाही. डिसेंबर २०२२ मध्ये तुम्ही मॉन्ट्रियलला जाऊन जगासमोर जैवविविधतेचा करार मान्य केलात. त्यातलं पहिलंच लक्ष्य असं की उच्च अखंडतेच्या परिसंस्थांची हानी २०३० पर्यंत शून्याच्या जवळ आणायची. बरोबर एक वर्षाने, डिसेंबर २०२३ मध्ये, पोलीस बंदोबस्तात हसदेवच्या सालवृक्षांवर पुन्हा करवत चालली.

मॉन्ट्रियलला कबूल केलेली अखंडता कुठली होती? ती हसदेवच्या सरगुजा जिल्ह्यात लागू होत नाही का?

तुम्ही म्हणाल, पण देशाचं वनाच्छादन वाढतंय. हो, वाचलं. २०२३ च्या वनस्थिती अहवालात वन आणि वृक्षाच्छादनाची सर्वात मोठी वाढ छत्तीसगडच्याच नावावर आहे, ६८४ चौरस किलोमीटर. पण तुमच्याच व्याख्येत एक हेक्टरहून मोठा, दहा टक्के छत्र असलेला कुठलाही तुकडा वन ठरतो. झाड कुठलं, जमीन कुणाची, खाली काही जगतंय की नाही, हे विचारलं जात नाही. निलगिरीची लागवडही वन आणि हसदेवचं सालवनही वन. अंतराळातून दोन्ही हिरवीच दिसतात.

आमच्या भिलाईजवळ नंदिनीला चुनखडीच्या संपलेल्या खाणीवर झाडं लावली गेली. मानवनिर्मित जंगल म्हणून त्याचा मोठा समारंभ झाला. मला त्या झाडांबद्दल तक्रार नाही. उघड्या दगडावर काहीतरी उगवतंय, पक्षी येतायत, हे चांगलंच आहे. पण नंदिनी दाखवून हसदेवची भरपाई सांगू नका. लावलेली झाडं मोजता येतात. हजारो वर्षं एकमेकांत गुंतून वाढलेलं जंगल पावसाळ्यात रोपं आणून उभं करता येत नाही, आणि हे लिहून देणारे शास्त्रज्ञ तुमच्याच पगारपत्रकावर आहेत.

आता रावघाटकडे येते, कारण तो विषय टाळला तर हे पत्र अप्रामाणिक होईल. दल्ली-राजहराचं खनिज संपत आलं, म्हणून भिलाईच्या भट्ट्यांसाठी कांकेर-नारायणपूरच्या सीमेवरचा रावघाट डोंगर ठरला. तुमची मंजुरी २००९ ची आहे. दल्लीहून निघालेली रेल्वे २०२२ मध्ये अंतागढपर्यंत पोचली. भिलाई बंद पडावी असं मी म्हणणार नाही, माझ्याच्याने म्हणवणार नाही. पण त्या डोंगरावर राजाराव देवाचं ठाणं आहे, भोवती गोंड गावांचं जंगल आहे, वनहक्काचे दावे आहेत. तिथली प्रत्येक चौकट किती गुणांची आहे, कुठली शिखरं आणि कुठले नाले सोडायचे, हे त्या गावांना त्यांच्या भाषेत कुणी सांगितलं? गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाने २००९ मध्ये सामुदायिक वनहक्क मिळवला आणि आपलं अठराशे हेक्टर जंगल आपण सांभाळून दाखवलं. गावाला जंगल वाचता येतं. त्यांना विचारलं असतंत तर नकाशा आणखी खरा झाला असता.

आणि हसदेवमधल्या घाटबर्रा गावाला मिळालेला सामुदायिक वनहक्क? तो २०१६ मध्ये रद्द झाला. खाणीच्या आड येतो म्हणून. हक्क खाणीच्या आड येत नाही, खाण हक्काच्या आड येते, एवढा साधा क्रम कुठे उलटला?

मी सरकारांवर रागावलेली नाही. २०११ ला एक सरकार होतं, नंतर दुसरं आलं. रायपुरातही तसंच, विरोधात असताना हसदेवचे कैवारी, सत्तेत आले की सह्या. रंग बदलत राहिले, तुमची खुर्ची तीच राहिली. म्हणून पत्र खुर्चीला लिहिते आहे. नकाशा काढणारे शास्त्रज्ञ खुर्चीच्या एका बाजूला बसलेत आणि अर्ज घेऊन आलेले दुसऱ्या बाजूला. दर वेळी तुम्ही शास्त्रज्ञांचं पूर्ण ऐकून घेता, त्यांचा अहवाल छापता, आणि मग दुसऱ्या बाजूला वळून सही करता. न ऐकण्यापेक्षा हे जास्त लागतं.

केते विस्तार हा हसदेवमधला पुढचा कोळसा गट आहे. सुमारे १,७४२ हेक्टर वनजमीन. २०२५ मध्ये त्याची शिफारस छत्तीसगडच्या वनखात्यातून पुढे गेली. या गटाच्या आणि रावघाटच्या प्रत्येक चौकटीचे सहाही गुण जाहीर करा. हसदेवचे तिथल्या ग्रामसभांत छत्तीसगढीतून वाचून दाखवा, रावघाटचे गोंडीतून. भारतीय वन्यजीव संस्थेची शिफारस तुम्ही नाकारत असाल, तर का नाकारता ते कारण त्याच कागदावर, त्याच सहीखाली लिहा. आणि ते कारण ‘काठावर आहे’ असं असेल, तर कृपा करून सही करू नका.

भिलाईच्या सेक्टरांत वाढलेली,
एक मराठी नागरिक