खर्ड्यात कोणी कोणाला मारलेच नाही!

28 एप्रिल 2014 रोजी नगर जिल्ह्यातल्या जामखेड तालुक्यात खर्डा गावात नितीन आगे हा सतरा वर्षांचा दलित विद्यार्थी मेला, एवढेच आता कायद्याच्या दप्तरी उरले आहे. वरची म्हणवणाऱ्या जातीतल्या एका मुलीशी तो बोलतो, असा संशय होता. शाळेतून त्याला मारत नेले आणि मग त्याचा देह झाडाला लटकलेला सापडला, अशी ती फिर्याद. 23 नोव्हेंबर 2017 रोजी नगरच्या सत्र न्यायालयात निकाल लागला : आरोपी निर्दोष. न्यायालयाला बोल लावून आम्हाला सुटका करून घ्यायची नाही. पुरावा पिंजऱ्यात उभा राहतो तेव्हाच न्यायाधीश तो तोलू शकतो. इथे एकामागून एक साक्षीदार फितूर झाले. त्यांत शिक्षक होते! ज्यांनी वर्गात या पोराची रोज हजेरी घेतली, त्यांना त्या दिवसाचे काही आठवेना. मग आम्ही विचारतो, पोराने स्वतःच स्वतःला बडवले आणि स्वतःच झाडावर चढून लटकला, असे या गावाचे, या जिल्ह्याचे आणि या सरकारचे म्हणणे आहे काय?

मेलेल्याला कोणी मारलेच नाही म्हणण्याचे हे पाप नवे नाही. त्याचा सर्वांत मोठा अवतार तुर्कस्तानात झाला. 24 एप्रिल 1915 रोजी इस्तंबूलमध्ये आर्मेनियन लेखक, संपादक, वकील, डॉक्टर यांची धरपकड झाली. पुढे गावेच्या गावे उठवून बायकापोरांसह सीरियाच्या वाळवंटाकडे हाकलली. दहा लाखांहून अधिक माणसे मेली. आर्मेनियन लोक हा आकडा पंधरा लाख सांगतात. शंभर वर्षे उलटली तरी तुर्की सरकार त्याला वंशसंहार म्हणायला तयार नाही. युद्ध होते, रोगराई होती, माणसे मेली. मारली कोणी? कोणीच नाही!

पण तिथे साक्षीदार फुटले नाहीत, आणि ही गोष्ट नगरकरांनी कान देऊन ऐकावी. 1831 पासून नगरला ज्यांनी शाळा काढल्या त्या अमेरिकन मिशनचीच माणसे, त्याच बोस्टनच्या बोर्डाची माणसे, तिकडे हारपूत, मराश, ऐंताब इथे शाळा चालवत होती. आपले विद्यार्थी आणि आपले सहशिक्षक डोळ्यांदेखत नेले जाताना त्यांनी पाहिले आणि जे पाहिले ते लिहून ठेवले. हारपूतच्या कॉलेजचे हेन्री रिग्ज यांचा वृत्तांत आजही वाचायला मिळतो. ज्या राज्यात राहायचे त्या राज्याच्या मर्जीविरुद्ध या मास्तरांनी साक्ष दिली. याच मिशनच्या मिस फरार यांच्याकडे नगरला सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचे धडे घेतले, असे आपण दर 3 जानेवारीला, त्यांच्या जयंतीला, छाती फुगवून सांगतो. त्याच जिल्ह्यातले मास्तर कोर्टात जाऊन मुके होतात आणि दुसऱ्या दिवशी फळ्यावर सुविचार लिहितात!

आर्मेनियनांनी त्या साक्षी कागदावरच ठेवल्या नाहीत. 1965 साली सोव्हिएत अंमलाची भीती झुगारून आर्मेनियाच्या राजधानीत, येरेवानच्या रस्त्यावर, माणसांचा लोंढा उतरला. मॉस्कोला नमावे लागले आणि 1967 साली त्सित्सेर्नाकाबेर्दच्या टेकडीवर स्मारक उभे राहिले : 44 मीटरचा सुळका, बारा कललेल्या शिळा आणि मधोमध अखंड ज्योत. बैरूतजवळच्या अंतेलियासला, पॅरिसला, कॅलिफोर्नियातल्या माँटेबेलोला, जिथे जिथे हे लोक जीव वाचवून पांगले तिथे तिथे त्यांनी दगड रोवला. खुनी प्रवृत्तीला या दगडांचे किती भय वाटते पाहा. 2011 साली तुर्कस्तानातल्या कार्स शहरातला तुर्क-आर्मेनियन सलोख्याचा उंच पुतळा तोडण्यात आला, कारण तेव्हाचे पंतप्रधान एर्दोगन यांना तो विद्रूप दिसला. सीरियात देर-अझ-झोरला बळींच्या अस्थी जपणारे स्मारक-चर्च होते. सप्टेंबर 2014 मध्ये दहशतवाद्यांनी ते सुरुंग लावून उडवले. खर्ड्याच्या घटनेला तेव्हा पाच महिने होत आले होते.

कोणी शहाणा म्हणेल, कुठे पंधरा लाख आणि कुठे एक पोरगा! आम्हीही दोन्ही एका तराजूत घालत नाही. पण मेलेल्याला कोणी मारलेच नाही असे सांगण्याचा निर्लज्जपणा आकड्यावर अवलंबून नसतो. आणि एकच पोरगा, हेही खोटे. नेवासे तालुक्यातले सोनई आठवा. 1 जानेवारी 2013. सचिन घारू, संदीप थनवार, राहुल कंडारे. मेहतर समाजाचे तीन तरुण. संडासाची टाकी साफ करायची आहे म्हणून बोलावले आणि तिघांनाही ठार केले. एकाचे तुकडे केले. कारण तेच, जातीबाहेरचे प्रेम. शेजारीच शनिशिंगणापूर, जिथे घरांना दारे नसतात आणि चोराला शनिदेव सोडत नाही म्हणतात. टाकीतल्या प्रेताच्या बाबतीत शनिदेवावर विसंबून भागले नाही. खटला नाशिकला न्यावा लागला, तेव्हा कुठे 2018 साली सत्र न्यायालयात सहा जणांना फाशीची शिक्षा झाली.

आता कोणी म्हणू नये की स्मारकांना पैसा नाही. याच जामखेड तालुक्यात, अहिल्यादेवींच्या चौंडीत, 6 मे 2025 रोजी राज्याचे मंत्रिमंडळ बैठकीला बसले आणि तिथल्या स्मृतिस्थळासाठी 681 कोटींचा आराखडा मंजूर झाला. झाला ते योग्यच झाले. जिल्ह्याला त्यांचे नाव दिले, तेही दिले. पण न्यायासाठी जिचे नाव देशभर घेतले जाते, तिच्या माहेरच्या तालुक्यात एका बापाला पोराच्या खुन्याचे नाव कळत नाही, याची आठवण 681 कोटींच्या कागदावर सही करताना एकाही मंत्र्याला झाली नसेल, तर ते मंत्रिमंडळ चौंडीला दर्शनाला आले होते की सहलीला? खुद्द खर्ड्यात, 1795 साली मराठ्यांनी निजामाला लोळवले त्या गावच्या किल्ल्यापाशी, 2021 च्या दसऱ्याला 74 मीटर उंचीचा भगवा ध्वज उभारला. त्या ध्वजाला आमचा मुजरा. तो दुरून दिसतो म्हणतात. मग त्याच्या पायथ्याच्या गावातले झाड कोणाला कसे दिसले नाही?

आमच्या मागण्या ऐका. खर्ड्यात आणि सोनईत सरकारी खर्चाने, सरकारी जागेत शिळा उभारा. तीवर मृतांची नावे, वये आणि तारखा कोरा. ‘दुर्दैवी घटना’ असली मिळमिळीत भाषा आम्हाला चालणार नाही. जातीपायी गेले, असेच लिहा. खर्ड्याच्या शिळेवर निकालाची तारीखही असू द्या. निकालानंतर उच्च न्यायालयात अपील करण्याची घोषणा सरकारने केली होती. ते आज कुठल्या पायरीवर आहे, ते पालकमंत्र्यांनी जाहीरपणे सांगावे. आणि अत्याचार प्रतिबंधक कायद्यात साक्षीदारांच्या संरक्षणाची कलमे आली, ती या जिल्ह्यात किती साक्षीदारांपर्यंत पोचली याचा हिशेब जिल्हाधिकाऱ्यांनी मांडावा.

शिळेच्या अनावरणाला 28 एप्रिल हीच तारीख धरा. मंत्र्यांसाठी मंडप नको, हार नकोत, सत्कार तर नकोच. निमंत्रणे मात्र नीट पाठवा : खटल्यातल्या साक्षीदारांची यादी न्यायालयाच्या दप्तरात आहे, त्यातल्या प्रत्येकाच्या घरी एक पत्रिका गेली पाहिजे.