गोल्फ : खेळ कोणाचा, फाटक कोणाचं?

हिंदी सिनेमात गोल्फ कोण खेळतं? नायिकेचा बाप! पांढरी पँट, डोक्यावर टोपी, मागे पिशवी घेऊन चालणारा एक पोरगा, आणि मुलीच्या लग्नाची बोलणी चालू असताना हवेत फिरवलेली काठी. आपल्यापैकी बहुतेकांची या खेळाशी ओळख एवढीच. टीव्हीवर चॅनेल बदलता बदलता हिरवंगार मैदान दिसतं, कॉमेंटेटर देवळात बसल्यासारखा हळू आवाजात बोलत असतो, आणि आपण रिमोटचं पुढचं बटण दाबतो. वर्तमानपत्रातही गोल्फची बातमी क्रीडापानाच्या कोपऱ्यात चार ओळींची. त्या चार ओळींत एक आकडा मात्र हमखास असतो, बक्षिसाचा!

आणि आकडे तरी कसे? ऑगस्ट २०२५ मध्ये इंग्लंडच्या टॉमी फ्लीटवूडनं अमेरिकेतली टूर चॅम्पियनशिप जिंकली आणि १ कोटी डॉलर खिशात घातले. गंमत म्हणजे पीजीए टूरवरचा हा त्याचा पहिलाच विजय. त्याआधी दीडशेहून जास्त स्पर्धा खेळून एकही पदरात पडली नव्हती! ऑक्टोबर २०२५ मध्ये हाच गडी दिल्ली गोल्फ क्लबवर ४० लाख डॉलर बक्षिसांची स्पर्धाही जिंकून गेला. त्या स्पर्धेला रोरी मॅकिलरॉयसुद्धा आला होता. एप्रिल २०२५ मध्ये मास्टर्स जिंकून चारही मोठ्या स्पर्धांचं वर्तुळ पूर्ण केलेला हा माणूस आपल्या देशात खेळला, आणि आपल्या हॉस्टेलवर त्या आठवड्यात चर्चा होती ती फक्त क्रिकेटची.

"भाऊ, पऱ्हाटीच्या गावात गोल्फ कायले पाहिजे बे?" असं माझा एक मित्र म्हणतो. प्रश्न चोख आहे. हिंगणघाट म्हणजे कापसाचं गाव. जिनिंग, सूत, बाजार समितीबाहेर लागलेली गाड्यांची रांग. इथं गोल्फचं मैदान नाही, आणि नसल्याचं कोणाला दुःखही नाही. तरीही माझं म्हणणं असं की या खेळाच्या बातम्या आपण जरूर वाचाव्यात, पण बक्षिसाचा आकडा सोडून. वाचायचं ते हे, की जिंकणारा मैदानात आला कुठल्या दारानं? कारण ती गोष्ट गोल्फची कमी आणि आपल्या सगळ्यांची जास्त आहे.

भारतातली नावं घ्या. अली शेर हा दिल्ली गोल्फ क्लबवरचा कॅडी. कॅडी म्हणजे दुसऱ्याची पिशवी उचलून उन्हात चालणारा. १९९१ साली त्यानं इंडियन ओपन जिंकली आणि ती जिंकणारा तो पहिला भारतीय व्यावसायिक खेळाडू ठरला. योगायोग म्हणाल, तर १९९३ मध्ये त्यानं ती पुन्हा जिंकून दाखवली. दुसरं नाव शिव शंकर प्रसाद चौरासिया. त्याचे वडील रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबवर हिरवळीची देखभाल करायचे. हा क्लब १८२९ सालचा, ब्रिटनबाहेरचा सगळ्यात जुना. पोरगा तिथं बघून बघून, स्वतःच शिकला. २००८ मध्ये दिल्लीत त्यानं इंडियन मास्टर्स जिंकली, पुढे २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षं इंडियन ओपन. छिद्राजवळच्या नाजूक फटक्यांत त्याचा हात इतका बसलेला, की लोक त्याला चौरासियाऐवजी 'चिप-पट-सिया' म्हणू लागले.

आता अदिती अशोक. बंगळूरची ही मुलगी पाचेक वर्षांची असताना आईवडिलांबरोबर एका हॉटेलात नाश्त्याला जायची. समोरच कर्नाटक गोल्फ असोसिएशनचं सरावाचं मैदान दिसायचं. तिनं विचारलं, मी जाऊ का तिकडे? घरात कोणी गोल्फ खेळणारं नव्हतं. पण सरावाची जागा सर्वांना खुली होती म्हणून हे कुटुंब आत जाऊ शकलं. ७ ऑगस्ट २०२१ ची सकाळ आठवा. टोकियो ऑलिंपिकच्या शेवटच्या फेरीआधी जगात दोनशेव्या क्रमांकावरची अदिती दुसऱ्या स्थानावर होती. बर्डी म्हणजे काय, बोगी म्हणजे काय, हे त्या दिवशी अख्ख्या देशानं पहाटे उठून शोधलं! (ठरलेल्या फटक्यांपेक्षा एक कमी म्हणजे बर्डी, एक जास्त म्हणजे बोगी.) एका फटक्यानं पदक हुकलं, ती चौथी आली. संध्याकाळी नीरज चोप्राच्या भाल्यानं सुवर्ण आणलं आणि आपण गोल्फ पुन्हा विसरून गेलो.

महाराष्ट्राचंही बघा. अनिर्बान लाहिरीचा जन्म पुण्याचा. वडील लष्करात डॉक्टर, आणि खेळाचे पहिले गुरूही तेच. मार्च २०२२ मध्ये अमेरिकेतल्या प्लेअर्स चॅम्पियनशिपमध्ये तो एका फटक्यानं दुसरा आला. त्या दुसऱ्या नंबरचे त्याला सुमारे २१.८ लाख डॉलर मिळाले. पुण्याचाच उदयन माने टोकियो ऑलिंपिकला गेला तो अगदी शेवटच्या क्षणी, अर्जेंटिनाच्या खेळाडूनं माघार घेतली म्हणून. तिथं तो ५६ वा आला.

मित्रांनो, या यादीत एक साम्य दिसतं का? कोणी पिशवी उचलत आत गेलं, कोणी वडिलांच्या नोकरीमुळे, कोणी लष्कराच्या छावणीमुळे, तर कोणी समोरचं फाटक उघडं होतं म्हणून. गुणवत्ता तर सगळ्यांकडे होतीच. पण गुणवत्तेला आधी मैदान दिसावं लागतं. पोराच्या नजरेस जे पडत नाही, ते त्याच्या हाताला कसं लागणार? हिंगणघाटच्या एखाद्या पोराच्या मनगटात चौरासियाचा हात असेलही, पण त्याला किंवा आपल्याला ते कधीच कळणार नाही. माझ्या मते गोल्फमधली सर्वात मोठी बातमी हीच आहे आणि ती कुठेच छापून येत नाही.

इंजिनिअरिंगच्या पोरांना तर या खेळाशी अजून एक नातं आहे. गोल्फचा चेंडू हातात घेतला तर त्यावर तीनशे ते पाचशे खळगे दिसतात. ते शोभेचे नाहीत. जुन्या काळी खेळाडूंच्या लक्षात आलं की नवा गुळगुळीत चेंडू जवळ पडतो, आणि वापरून ओरखडे पडलेला लांब जातो. फ्लुइड मेकॅनिक्सच्या पेपरात आपण जे घोकतो तेच हे. खळग्यांमुळे चेंडूलगतचा हवेचा थर खळबळतो, तो पृष्ठभागाला जास्त वेळ चिकटून राहतो, मागची पोकळी लहान होते आणि ड्रॅग घटतो. वर उलटी फिरकी असली की मॅग्नस इफेक्टनं चेंडू उचललाही जातो. वजन जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅम, व्यास कमीत कमी ४२.६७ मिलिमीटर, छिद्र १०८ मिलिमीटरचं. ड्रायव्हरच्या तोंडाला किती 'स्प्रिंग' असावी, यालाही नियमानं मर्यादा घातलेली आहे. डॉप्लर रडारवर चेंडूचा वेग आणि फिरकी मोजतात, लेसरनं अंतर मोजतात. आपल्या सिलॅबसमधले निम्मे विषय या एका खेळात सापडतील!

आणि अंतर मोजण्याचंच म्हणाल तर आपल्या गावाएवढा मान दुसऱ्या कुठल्या गावाला? १८०२ साली मद्रासहून भारताची त्रिकोणमितीय मोजणी सुरू करणारा विल्यम लॅम्बटन जानेवारी १८२३ मध्ये हैदराबादहून नागपूरकडे जाताना हिंगणघाटलाच वारला. त्याची कबर इथंच आहे. अर्ध्या टनाच्या थिओडोलाइटनं देश मोजणारा माणूस जिथं विसावला, तिथल्या सिव्हिलच्या पोरांना दोनशे मीटरचा एक फटका मोजणं काय जड आहे?

आता दुसरी बाजू. ती नाही मांडली तर हा लेख म्हणजे क्लबची जाहिरात होईल. अठरा छिद्रांचं पूर्ण मैदान शंभर-दीडशे एकर जमीन खातं. उन्हाळ्यात ती हिरवळ जिवंत ठेवायला रोज लाखो लिटर पाणी लागतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, वणा नदीचं पात्र आटतं, कोरडवाहू शेतकरी आभाळाकडे बघत बसतो. अशा जिल्ह्यात गवताला पाणी पाजण्याची गोष्ट कोणी काढली, तर सर्वात आधी मीच विरोध करीन. गोव्याच्या तेरेखोल गावात गोल्फ रिसॉर्ट येणार म्हटल्यावर गावकरी उभे राहिले, कुळांच्या जमिनीचा प्रश्न कोर्टात गेला. १९९३ मध्ये तर आशियातल्या कार्यकर्त्यांनी गोल्फविरोधी चळवळच सुरू केली. हे लोक खेळाचे वैरी नव्हते. गावाची जमीन भिंतीआड जाऊ नये एवढंच त्यांचं मागणं होतं.

पण म्हणून गोल्फ म्हणजे भिंत आणि हिरवळ हे समीकरण खरं मानायचं का? ज्या स्कॉटलंडमध्ये हा खेळ वाढला तिथलं सेंट अँड्र्यूजचं जुनं मैदान बघा. २०२२ ची १५० वी ओपन तिथंच झाली. ते मैदान कुठल्या श्रीमंत क्लबच्या मालकीचं नाही, ती सार्वजनिक जागा आहे. १५५२ सालच्या सनदेत तिथल्या नगरवासीयांचा त्या जमिनीवर खेळण्याचा हक्क मान्य केलेला आहे. आजही रविवारी, मोजके अपवाद सोडले, तर तिथं गोल्फ बंद असतो. गावातले लोक कुत्री घेऊन फिरतात, पोरं बागडतात. म्हणजे या खेळाचं माहेर एक गावठाणच! भिंत त्याला आपल्याकडे आल्यावर लागली. साहेबानं क्लब काढले, साहेब गेला, आणि फाटकावरचा पहारा तेवढा आपण सांभाळून ठेवला.

हिरवळीचंही तेच. ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात कूबर पेडी नावाचं खाणगाव आहे. तिथल्या गोल्फच्या मैदानावर गवताची काडी नाही. खेळाडू हिरवळीचा एक तुकडा सोबत नेतात, त्यावर चेंडू ठेवून मारतात. उन्हामुळे रात्री चमकणाऱ्या चेंडूंनी खेळतात. आपल्या देशातही लष्कराच्या छावण्यांमध्ये 'ग्रीन'ऐवजी 'ब्राऊन' असायचे. छिद्राभोवती तेल मिसळून दाबलेली वाळू, बस! पाण्याचा प्रश्नच नाही.

मग माझी सूचना साधी आहे. हिंगणघाटला गोल्फ कोर्स नको. पण कॉलेजच्या मैदानाच्या एका कडेला दहा बाय दहा फुटांची जाळी आणि वाळूचा एक ब्राऊन का नको? जुन्या काठ्या दोन-चार मिळवता येतील. वाळूत तेल ओतलं तर ते जमिनीत मुरतं, म्हणून त्याला पर्याय शोधणं हाच फायनल इयरचा एक प्रोजेक्ट होऊ शकतो. चेंडूचा वेग मोबाइलच्या कॅमेऱ्यानं मोजणं हा दुसरा. आणि मुख्य अट अशी, की रविवारी ती जागा शेजारच्या वस्तीतल्या पोट्ट्यांना खुली असली पाहिजे. आपण इंजिनिअर झालो आणि ती पोरं कुंपणाबाहेरून बघत राहिली, तर आपणही एक नवा क्लबच काढला म्हणायचं.

कोणी म्हणेल, "आधी क्रिकेट-कबड्डीची मैदानं तरी वाचवा." अगदी बरोबर! दोन्ही एकच मागणी आहेत. गावोगावची मोकळी जागा ले-आऊटमध्ये जातेय, कित्येक शाळा-कॉलेजांची मैदानं संध्याकाळी कुलपात असतात. कबड्डीचा खेळाडू असो की गोल्फचा, दोघांनाही आधी उघडं फाटकच लागतं. गोल्फमध्ये ते जास्त ठळक दिसतं एवढंच, कारण तिथली भिंत जास्त उंच आहे.

तेव्हा पुढच्या वेळी क्रीडापानाच्या कोपऱ्यात गोल्फची बातमी दिसली तर डॉलरचे रुपये करत बसू नका. त्या खेळाडूचं गाव कोणतं, बाप काय करायचा, आणि मैदान घरापासून किती लांब होतं, तेवढं शोधा. आणि मग आपल्या मैदानाच्या फाटकाकडे एकदा बघा. त्याची किल्ली कोणाकडे आहे, हे विचारायला काय हरकत आहे?

(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)