विमान सावरते, माणसाचे काय?

विरार लोकलने झटका दिला की आपला हात आपोआप वरच्या कडीकडे जातो. तोच माणूस विमानात बसला आणि पट्ट्याचा दिवा विझला, की लगेच पट्टा सोडून मोकळा होतो. नाक वर-खाली होऊ लागले की मात्र ‘विमान पडतंय’ म्हणून घाबरतो. माझ्या मते ही भीतीही चुकीची आणि तो निर्धास्तपणाही.

आधी भीतीबद्दल. बाण सरळ जातो तो टोकाच्या वजनामुळे आणि मागच्या पिसांमुळे. विमानाचेही तसेच आहे. प्रवासी, सामान आणि इंधन यांच्या वजनाचा मध्य ठरावीक हद्दीत, पुरेसा पुढे राखलेला असतो. वाऱ्याच्या झोताने नाक उचलले, तर शेपटीच्या आडव्या पंखांवर हवेचा दाब वाढतो, शेपूट वर ढकलली जाते आणि नाक पुन्हा खाली येते. हे डोलणे काही सेकंदांत विरते. दुसरा हेलकावा संथ असतो. विमान वर चढते तसा वेग घटतो, मग ते खाली येते, वेग वाढतो आणि पुन्हा चढते. याची एक फेरी मोठ्या विमानात मिनिटभर किंवा जास्तही चालते. वैमानिक किंवा स्वयंचलित यंत्रणा तो सहज आवरते.

वजन मागे सरकले तर सावरण्याची ही ताकद कमी होते. म्हणून लहान विमानात कर्मचाऱ्यांनी मागच्या रिकाम्या रांगेत बसू दिले नाही, तर वाद घालू नये.

आता निर्धास्तपणाबद्दल. विमान सावरते, म्हणून आतला माणूसही सावरतो असे नाही. १ मे २०२२ रोजी मुंबईहून दुर्गापूरला निघालेले विमान उतरण्यापूर्वी खवळलेल्या हवेत सापडले. स्वयंचलित यंत्रणा दोन मिनिटे सुटली. वैमानिकांनी विमान हाताने चालवून उतरवले, पण अनेक प्रवासी जखमी झाले. आतला भार अधिक २.६४ पासून उणे १.३६ पटीपर्यंत बदलला होता. म्हणजे ६० किलोचा माणूस एका क्षणी दीडशेहून अधिक किलोंचा होऊन आसनात रुततो आणि दुसऱ्या क्षणी ८० किलोंच्या जोराने छताकडे फेकला जातो.

२१ मे २०२४ रोजी लंडनहून सिंगापूरला जाणाऱ्या विमानाबाबत ‘सहा हजार फूट कोसळले’ अशा बातम्या आल्या. प्राथमिक तपासात दिसले की त्या झटक्यात उंची घटली ती अवघी १७८ फूट. सहा हजार फुटांचे उतरणे नंतरचे आणि नियंत्रित होते. मात्र भार ०.६ सेकंदात अधिक १.३५ वरून उणे १.५ वर गेला आणि पट्टा न बांधलेले लोक वर उडाले असावेत, असे तपासकर्त्यांनी म्हटले. एवढ्या वेळात पट्टा बांधणे कुणालाच शक्य नाही.

निरभ्र आकाशातली खळबळ हवामानाच्या रडारवर दिसत नाही. त्यामुळे दिवा लागण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. विमान कंपन्यांनी ‘पट्टा बांधा’ एवढ्यावर न थांबता त्यामागचे कारण प्रवाशांच्या भाषेत सांगावे. आणि आपण स्वच्छतागृहात जाण्यापुरता पट्टा सोडावा. बसलो की बांधावा, झोपताना तर नक्कीच. लोकलमधली कडी धरायला आपल्याला कुणी सांगावे लागत नाही. विमानातली कडी म्हणजे हा पट्टाच.