निरोप नेमका कोणाला दिला?



तोडणीचा हंगाम सुरू झाला की गट कार्यालयात एक वाक्य रोज कानी पडते : "आम्हाला कुणी सांगितलंच नाही." त्यावर शेतकी खात्याचे उत्तरही ठरलेले : "अहो, सांगितलं होतं की!" बहुतेक वेळा दोघेही खरेच बोलत असतात. निरोप दिलेला असतो, पण ज्याच्या हाती काम आहे त्याच्या कानी तो पडलेला नसतो.

आपल्या मुळशी तालुक्यात हे अधिक घडते. नोंद सभासदाच्या नावावर असते आणि सभासद हिंजवडीला नाहीतर पिंपरी-चिंचवडला कामावर असतो. उसाला दारे धरते ती घरची बाई, म्हातारे वडील किंवा धाकटा भाऊ. तोडीच्या आधी साधारण 15 दिवस, जमिनीच्या मगदुराप्रमाणे थोडे मागेपुढे, पाणी बंद करावे लागते. चीटबॉय सभासदाला फोन करतो, सभासद "बरं, बरं" म्हणतो आणि कामाच्या गडबडीत घरी सांगायचे राहते. इकडे पाणी चालूच! टोळी येते तेव्हा रानात चिखल, गाडी रुतते, साखर उतारा घसरतो. उलट, तोड लांबली आणि ते घरी कळले नाही, तर पाण्यावाचून ऊस वाळून वजन घटते. कसेही झाले तरी फटका सभासदालाच.

नाव असलेल्याशी बोलायचे आणि कसणाऱ्याला वगळायचे, याचा परिणाम काय होतो हे या तालुक्याइतके कोणाला ठाऊक असणार? टाटा कंपनीच्या धरणासाठी जमीन रीतसर ताब्यात घेण्याआधीच येथील शेतांत चाचणीचे चर खणले गेले. मावळ्यांना कोणी विचारले नव्हते. 16 एप्रिल 1921 रोजी, रामनवमीला, मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. पुढे सेनापती बापटांनी त्याचे नेतृत्व केले. त्यातही पुण्यात राहणारे जमीनमालक नुकसानभरपाई घेण्यास राजी झाले, पण कसणाऱ्या कुळांचा धरणालाच विरोध होता. बोलणी मालकांशी झाली, जमीन गेली ती कुळांच्या पायाखालची. एका तोडचिठ्ठीची त्या दुःखाशी बरोबरी कोणी करणार नाही. तरी जो राबतो त्याला आधी विचारावे, हा धडा लहान कामालाही लागू आहे.

म्हणून आमचे स्पष्ट मत आहे की लागण नोंदीच्या वेळीच सभासदाच्या नावाखाली "पाणी कोण देते?" हे विचारून ते नाव आणि फोन नंबर लिहून घ्यावा. तोडीचा निरोप दोघांनाही द्यावा. निरोप देणाऱ्याने तेवढ्यावर न थांबता, "काकी, मग पाणी कधी बंद करणार?" असे विचारावे. उत्तरात तारीख बरोबर आली, तरच निरोप पोचला असे समजावे. नुसत्या "हो"वर विसंबू नये. आपल्याकडे पुष्कळदा समोरच्याचा मान राखण्यासाठीही "हो" म्हटले जाते.

बोलणे एका बाजूचे नसते. रानाचा कोणता कोपरा ओला राहतो, गाडीची वाट शेजाऱ्याच्या उभ्या उसाने अडली आहे का, हे कार्यालयातल्या कागदावर दिसत नाही. ते रोज बांधावर जाणाऱ्यालाच माहीत. त्याचे ऐकून आखलेला तोडणी कार्यक्रम टिकतो.

सभासदांनीही एवढे करावे. निरोप आला की त्याच दिवशी घरी सांगावा. तक्रार असेल तर ती आधी पारावर न नेता संबंधित कर्मचाऱ्याशी समोरासमोर बोलावी. तेथे दाद लागली नाही, तर शेतकी खात्यात लेखी द्यावी. येत्या नोंदीला येताना, घरात दारे धरणारा जो कोणी असेल, त्यालाही बरोबर आणावे. त्याच्यासाठीही खुर्ची मांडलेली असेल.