अटक आधी, तपास नंतर



इंटरनेटवरच्या लिखाणावरून कुणाला अटक झाली की चर्चा लगेच 'अभिव्यक्तिस्वातंत्र्य की लोकांच्या भावना' या वळणावर जाते आणि तिथेच अडकते. मला वाटतं, त्याआधीचा एक प्रश्न निदान आपण सॉफ्टवेअरवाल्यांनी तरी विचारावा: ते लिहिलं कुणी हे ठरवलं कसं, आणि तेवढ्यावर माणसाला आत टाकायची घाई कशाला?

२००७ सालची गोष्ट. ऑर्कुटवर शिवाजी महाराजांबद्दल कुणीतरी गलिच्छ मजकूर टाकला. पुणे पोलिसांनी आयपी अ‍ॅड्रेस मिळवला, तो कुणाचा हे इंटरनेट कंपनीने कळवलं, आणि बंगलोरचा एक सॉफ्टवेअर इंजिनिअर उचलला गेला. म्हणजे तुमच्या-आमच्यातलाच एक. कंपनीची माहिती चुकीची निघाली, पण तो सुटेपर्यंत तुरुंगात ५० दिवस गेले होते.

ज्यांनी सर्व्हरचे लॉग चाळलेत त्यांना याचं नवल वाटणार नाही. घरगुती कनेक्शनचा आयपी बदलता असतो. सकाळी माझा, दुपारी दुसऱ्या कुणाचा. लॉगमधली वेळ जीएमटी की भारतीय, एवढा घोळ झाला तरी साडेपाच तासांचा फरक पडतो आणि भलत्याच ग्राहकाचं नाव पुढे येतं. नाव बरोबर असलं तरी ते बिल भरणाऱ्याचं, कीबोर्डवर बसलेल्याचं नव्हे. एवढ्या पुराव्यावर आपण ऑफिसात एक बगसुद्धा बंद करत नाही!

"पण माणूस बरोबर सापडला तर?" २०१२ चं पालघर आठवा. बाळासाहेब ठाकरे गेल्यावर मुंबई बंद झाली, त्याबद्दल एका मुलीने फेसबुकवर लिहिलं, दुसरीने ते 'लाइक' केलं. दोघींना अटक. इथे माणसं बरोबर होती, गुन्हाच नव्हता. पुढे केस बंद झाली, दोन पोलीस अधिकारी निलंबित झाले. यानंतरच श्रेया सिंघल ही विद्यार्थिनी सुप्रीम कोर्टात गेली आणि २४ मार्च २०१५ ला आयटी कायद्याचं कलम ६६अ रद्द झालं. तरी त्याखाली गुन्हे नोंदवले जातच होते; २०२२ मध्ये कोर्टाला पुन्हा आदेश काढावा लागला.

आता तुम्ही म्हणाल, आपण इतक्या लांब, आपल्याला काय त्याचं? २०२१ च्या आयटी नियमांत असं आहे की गंभीर गुन्ह्याच्या तपासात आदेश आला तर व्हॉट्सअ‍ॅपसारख्या कंपनीने निरोपाचा मूळ पाठवणारा शोधून द्यायचा. तो परदेशात असेल, तर भारतात ज्याने प्रथम पाठवला तोच 'मूळ' धरायचा. व्हॉट्सअ‍ॅप याविरुद्ध दिल्ली हायकोर्टात गेलं. सरळ हिशोब मांडा: तुम्ही न्यू जर्सीहून काहीतरी पाठवलंत, आईने ते भिशीच्या ग्रुपवर ढकललं, की कागदोपत्री मूळ पाठवणारी आई.

दंगल पेटवणाऱ्याला मोकळं सोडा असं माझं म्हणणं नाही. मजकूर उतरवा, नोटीस द्या, चौकशीला बोलवा. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत सरसकट अटक नको, हे सुप्रीम कोर्टाने २०१४ च्या अर्नेश कुमार निकालात सांगितलंच आहे. लॉगमधली ओळ ही तपासाची सुरुवात आहे, शेवट नव्हे. हे पोलिसांना आणि वकिलांना समजावून सांगणं आपलं काम आहे. आपण नाही सांगणार तर कोण?