छताची शोभा आणि डोक्यावरची जोखीम

दुकान नव्याने थाटायचे ठरले की आमच्या व्यापारी बांधवांची नजर आधी छताकडे जाते. शेजारच्याने फॉल्स सीलिंग केले, मग आपणही करावे, असा साधा हिशेब असतो. आमचे म्हणणे एवढेच की, छत निवडताना आग, ओल आणि दुरुस्ती यांचा विचार आधी करावा, शोभेचा नंतर.

आगीची गोष्ट प्रथम. ब्राझीलमधील सांता मारिया शहरात 27 जानेवारी 2013 रोजी एका नाईट क्लबमध्ये आतषबाजीची ठिणगी छताला लावलेल्या फोमला लागली. 242 माणसे मेली, त्यांतील बहुतेक विषारी धुराने गुदमरून. हा क्लब दूरचा खरा. पण जरीच्या आणि बॅगांच्या आपल्या कारखान्यांत कारागीर दिवसा जेथे काम करतात, तेथेच रात्री झोपतात. दार एकच, वर पोटमाळा, खाली कापड आणि रेक्झिन. अशा जागी छताला थर्मोकोल किंवा फोम लावणे म्हणजे झोपलेल्या माणसांच्या डोक्यावर सरपण रचणे होय. पीव्हीसीची पॅनेल स्वस्त पडतात, पाण्याला दाद देत नाहीत; पण पेटल्यावर त्यांचा धूर घसा जाळतो. ती फार तर न्हाणीघरापुरती ठेवावीत.

याउलट पीओपी आणि जिप्सम बोर्ड हे मुळात एकाच खनिजाचे. त्यात वजनाच्या सुमारे पाचवा हिस्सा पाणी बांधलेले असते. आगीत त्या पाण्याची वाफ होते आणि ज्वाला काही काळ थोपवली जाते. तेवढ्या वेळात माणसे बाहेर पडू शकतात. मात्र या मालाला सततची ओल सोसत नाही. वरच्या मजल्याची मोरी गळत असेल तर आधी ती दुरुस्त करावी. गळका स्लॅब सीलिंगने झाकणारा गिऱ्हाईक दोनदा खर्च करतो.

दुरुस्तीचाही विचार हवा. जेथे वरून वायरी आणि एसीचे पाइप जातात, तेथे दोन फूट बाय दोन फुटांच्या सुट्या टाइल्स सोयीच्या. एक उचलली की काम दिसते. पण कोकणपट्टीच्या दमट हवेत हलक्या प्रतीच्या टाइल्स मधोमध लोंबतात, हे ध्यानात ठेवावे. सीलिंग कोणतेही असो, वायरी पाइपातूनच न्याव्यात, सांधे उघडे ठेवू नयेत आणि पंखा सीलिंगला नव्हे, स्लॅबच्या हुकालाच टांगावा.

पत्र्याच्या कारखान्यात उष्णतेसाठी छत करायचे असेल, तर पत्र्याला वरून पांढरा रंग देऊन आणि गरम हवा बाहेर जाण्यास वाट करून पाहावी. पुष्कळदा तेवढ्याने भागते. जुने सिमेंटचे पत्रे अ‍ॅस्बेस्टॉसचे असतील, तर ते कापू अगर घासू नयेत. त्याची धूळ फुफ्फुसात बसते आणि कर्करोगाला कारण होते.

आता दोन शब्द कारागीर बांधवांसाठी. पीओपीच्या कामात काथ्या भिजवून नक्षी उठवणारे उस्ताद आपल्यात आहेत. बोर्डाचे काम लवकर उरकते म्हणून गिऱ्हाईक तिकडे वळत आहे. आमच्या मते नक्षीचा हात सोडू नये, पण चॅनेल बांधणे आणि जोडावर टेप मारणेही शिकून घ्यावे. आणि गिऱ्हाईकाने थर्मोकोलच हवे म्हटले, तर धोका स्पष्ट सांगावा. एखादे काम हातचे गेले तरी चालेल. आपण बांधलेल्या छताखाली कुणाचा जीव गेला, तर ते ओझे जन्मभर उतरत नाही.

आणि व्यापाऱ्यांनो, स्लॅब कोरडा व सरळ असेल, तर त्याला चुना मारून सोडून द्या. सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत निर्धास्त छत तेच. वाचलेला पैसा दुसऱ्या दारावर खर्च करा.