विश्लेषण : खोक्यावरचा ‘पेटंटेड’ हा शब्द नेमके काय सांगतो?

मिक्सर, व्हॅक्यूम क्लीनर किंवा पाणी शुद्ध करणारे यंत्र घ्यायला गेले की खोक्यावर ‘पेटंटेड टेक्नॉलॉजी’ असे ठळक अक्षरांत छापलेले दिसते. सरकारने वस्तू तपासून दिलेले हे प्रशस्तिपत्र आहे, असा अनेक ग्राहकांचा समज असतो. प्रत्यक्षात वस्तू चांगली की वाईट, टिकेल की नाही, याबद्दल हा शब्द काहीच सांगत नाही. मग तो सांगतो काय?

पेटंट म्हणजे काय?

पेटंट हा समाज आणि संशोधक यांच्यातला सौदा आहे. संशोधकाने आपली युक्ती आकृत्यांसह, इतरांना ती करता येईल इतक्या तपशिलाने उघड करायची. त्या बदल्यात ठरावीक काळ ती वापरण्यापासून इतरांना रोखण्याचा हक्क त्याला मिळतो. भारतात हा काळ अर्ज केल्यापासून २० वर्षांचा असतो. मुदत संपली की ती युक्ती सर्वांची. पेटंट त्या त्या देशापुरतेच असते. अमेरिकेतल्या पेटंटच्या जोरावर भारतात कोणाला रोखता येत नाही.

मायक्रोवेव्हचे उदाहरण काय शिकवते?

पर्सी स्पेन्सर हे अमेरिकेतल्या रेथिऑन कंपनीत रडारसाठी लागणाऱ्या मॅग्नेट्रॉनवर काम करत होते. या लहरींनी अन्न शिजवण्याच्या पद्धतीसाठी त्यांनी १९४५ मध्ये अर्ज केला आणि १९५० मध्ये पेटंट मिळाले. तेव्हाच्या अमेरिकी नियमानुसार त्याची मुदत १७ वर्षे, म्हणजे १९६७ पर्यंत होती. ओट्यावर मावेल असा घरगुती मायक्रोवेव्ह अमेरिकेच्या बाजारात आला तोही १९६७ मध्येच. म्हणजे ही वस्तू घरोघरी पोहोचू लागली तेव्हा मूळ पेटंट संपले होते.

भिंगांच्या तपासणीशी पेटंटचा काय संबंध?

पेटंट फक्त ग्राहकाला दिसणाऱ्या वस्तूला मिळते असे नाही. ती वस्तू तपासणाऱ्या यंत्रालाही मिळते. मोबाइलच्या कॅमेऱ्यापासून दुर्बिणीपर्यंत सर्वत्र भिंगे आणि आरसे अचूक लागतात. ती तपासण्यासाठी लंडनच्या अॅडम हिल्गर कंपनीतल्या फ्रँक ट्वायमन आणि आर्थर ग्रीन यांनी १९१६ मध्ये एका उपकरणाचे पेटंट घेतले. त्यात प्रकाशाचा झोत दुभागतात. एक भाग तपासायच्या भिंगातून जातो, दुसरा स्वतंत्र मार्गाने. दोन्ही पुन्हा एकत्र आले की काळे-उजळ पट्टे दिसतात. पट्टे वाकडे दिसले तर भिंगात दोष आहे. मिलिमीटरच्या काही दहा-हजाराव्या भागाएवढी चूकही त्यात पकडली जाते.

झोत दुभागण्याची कल्पना मात्र त्यांची नव्हती. ती मायकेल्सन यांनी १८८०च्या दशकातच वापरली होती. जुन्या कल्पनेवर खरी भर घातली तर पेटंट मिळू शकते, हे यातून दिसते. त्याआधी, १८५८च्या सुमारास, लिऑन फुको यांनी दुर्बिणीचा आरसा तपासण्याची पद्धत शास्त्रीय लिखाणातून जगापुढे मांडली. त्यासाठी बारीक प्रकाशबिंदू आणि धारदार पाते पुरते. घरी दुर्बिणीचा आरसा घासणारे हौशी खगोलप्रेमी आजही तीच पद्धत वापरतात.

किरकोळ सुधारणेला पेटंट मिळते का?

याचे उत्तर एका पितळी भांड्यांच्या खटल्यात आहे. मिर्झापूरच्या एका भांडी कारखान्याने लेथवर भांडे पक्के धरून फिरवण्याच्या रचनेचे पेटंट १९५१ मध्ये मिळवले आणि पुढे दुसऱ्या कारखान्यावर दावा लावला. अलाहाबाद उच्च न्यायालयात आधी पेटंट रद्द झाले, मग खंडपीठाने ते वैध ठरवले. अखेर डिसेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केले. ठाऊक असलेल्या रचनेत कारखान्यातल्या कुशल कारागिराला सहज सुचेल असा बदल म्हणजे शोध नव्हे, हा त्या निकालाचा गाभा. त्यासाठी दोन्ही कारखाने वर्षानुवर्षे कोर्टात अडकले.

खोटा दावा केला तर?

पेटंट नसताना ते असल्याचे सांगितल्यास दंड होतो. जनविश्वास कायद्याने २०२३ मध्ये त्याची मर्यादा १ लाखावरून १० लाख रुपयांवर नेली. पेटंट कायद्याचे कलम १११ त्याहून बोलके आहे. वस्तूवर नुसते ‘पेटंटेड’ लिहिले आणि क्रमांक दिला नाही, तर नक्कल करणाऱ्याला पेटंटची कल्पना होती असे केवळ त्या शब्दावरून मानले जात नाही. म्हणजे क्रमांकाविना त्या शब्दाला न्यायालयातही वजन नाही. ग्राहकाने तरी ते का द्यावे?

ग्राहकाने आणि कारागिराने काय करावे?

ग्राहकाने क्रमांक शोधावा. पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर तो टाकला की पेटंट कशाचे आहे आणि चालू आहे की बंद, हे फुकट कळते. अनेकदा पेटंट पूर्ण यंत्राचे नसते, एखाद्या झाकणाचे किंवा पात्याच्या आकाराचे असते. विजेच्या वस्तूच्या सुरक्षिततेसाठी पाहायचे ते आयएसआय चिन्ह.

गॅरेजमध्ये नवे यंत्र जुळवणाऱ्यांसाठी धडा वेगळा आहे. अर्ज करण्याआधी यंत्राचा व्हिडिओ समाजमाध्यमांवर टाकला, तर नवेपणाच संपतो आणि पेटंट हातचे जाते. आधी तात्पुरता अर्ज करता येतो. पूर्ण तपशील देण्यासाठी मग १२ महिने मिळतात. व्यक्तीसाठी ऑनलाइन अर्जाचे शुल्क १,६०० रुपये आहे. परीक्षण आणि नूतनीकरणाचे शुल्क वेगळे.

पुढे काय हवे?

आज वस्तूवर पेटंट क्रमांक छापण्याची सक्ती नाही. ‘पेटंटेड’ हा शब्द जाहिरातीत वापरायचा असेल, तर शेजारी क्रमांक आणि मुदत छापणे बंधनकारक केले पाहिजे. त्याला खर्च येत नाही. खरे संशोधन करणाऱ्या कंपनीचे त्यात नुकसान नाही. अडचण होईल ती पोकळ शब्दावर माल खपवणाऱ्यांची. युक्ती उघड करण्याच्या अटीवरच पेटंट मिळते. मग त्याचा क्रमांक ग्राहकापासून लपवण्याचे कारण काय?